पॅरिस राहू द्या, लिऑन गाठा!

अॅनिव्हर्सरी म्हटलं की सगळे पॅरिसला पळतात. खाण्याचे शौकीन असाल, तर तिथून टीजीव्ही पकडा. दोन तासांत लिऑन! पॉल बोक्यूझ या दिग्गज शेफचा हा इलाका.

'बुशाँ' ही इथली अस्सल खाणावळ. चौकटीचे टेबलक्लॉथ, खेटून मांडलेली टेबलं आणि मेन्यूत आतडीबितडी बिनधास्त. माझा नवरा पक्का शाकाहारी. त्याच्यापुढे आलं 'सर्व्हेल द कानू', म्हणजे शब्दशः 'रेशीम विणकराचा मेंदू'! चेहरा बघण्यासारखा झाला. प्रत्यक्षात ते ताजं, मऊ चीज. त्यात बारीक हिरवी पात, ऑलिव्ह ऑइल, व्हिनेगर. आपल्या चक्क्याचा फ्रेंच चुलतभाऊच! मी मात्र माशाच्या लुसलुशीत केनेलवर ताव मारला.

इथे बिल मागितल्याशिवाय सहसा कुणी आणत नाही. घरी आमचं जेवण टीव्हीसमोर दहा मिनिटांत उरकतं. इथे चक्क दोन तास समोरासमोर! ऑफिसचं गॉसिप संपलं, आणि मग तो हळूच म्हणाला, "जॉब सोडावासा वाटतोय गं. वर्ष झालं."

ईएमआय डोळ्यांपुढे नाचला. मी गुलाबी प्रालिनचा एक टार्ट मागवला, दोन चमचे मागवले आणि आम्ही नॅपकिनवर हिशेब मांडायला बसलो.