टाके, टँक आणि मामा तलाव

इटियाडोहाच्या पाळीवर उभे राहून गाढवी नदीच्या अडविलेल्या पाण्याकडे पाहणाऱ्या मनुष्याला, ज्या शब्दात या धरणाचे नाव संपते तो डोह आणि सभोवतालच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गावोगाव पसरलेल्या बोड्या, तलाव व बांध ही एका जातीची नव्हेत, हे कळण्यासाठी अभियंत्याचा दाखला लागत नाही. डोह नदीचा, तो कोणी खणीत नाही. बोडी म्हणजे शेजारच्या चार बांध्यांची सोय. तलाव गावाचा. आणि बांध म्हटला की नवेगावचा, जो कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी डोंगरांमधील वाटा रोखून बांधला, असे परंपरा सांगते. इंग्रजी अंमलाच्या महसुली दप्तरात मात्र बोडी, तलाव, बांध या सर्वांना मिळून एकच शब्द पुरला, आणि तो शब्द म्हणजे टँक.

हा शब्द साहेबाने विलायतेहून गलबतात घालून आणला, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. तो त्याच्या भाषेत शिरला सतराव्या शतकात, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच. आणि 1886 साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा आपला विख्यात कोश सिद्ध करणाऱ्या यूल व बर्नेल या पंडितद्वयाला त्याचे कुळ शोधताना एकीकडे गुजराती-मराठीतील टांके आणि दुसरीकडे पोर्तुगीजांच्या भाषेतील, वाहते पाणी थोपविण्याच्या क्रियेवरून आलेला, त्याच्याशी विलक्षण ध्वनिसाम्य असलेला शब्द, असे दोन दावेदार आढळले. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी किंवा कान्हेरीच्या लेण्यांतील कातळकोरीव टाकी ज्याने पाहिली आहेत, आणि पाथरवटाच्या हातातील छिन्नीलाही आपण टाकीच म्हणतो हे ज्याच्या ध्यानी आहे, त्याचे मन मराठीकडे झुकल्यावाचून राहत नाही. माझेही झुकते, आणि त्यात पुरावा किती व स्वभाषाभिमान किती याचा निवाडा वाचकांनीच करावा. महत्त्वाचे ते निराळेच आहे. टाके म्हणजे दगडात कोरलेले भांडे. त्याला काठ असतो, तळ असतो, माप असते. हे भांड्याचे नाव उचलून साहेबाने ते देवळापुढच्या पुष्करिणीला, मुंबईतील गुरांच्या पाणवठ्याला आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील शेकडो एकरांच्या तलावाला सरसकट चिकटविले. मुंबईच्या गोवालिया टँकचे तर पाणीही बुजले आणि त्याचे मैदान झाले. तरी 1942 च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला तेव्हा त्या कोरड्या जागेचे नाव टँक हेच होते.

पुढे या शब्दाने जो वेष पालटला तो अधिक चमत्कारिक. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील लिंकन येथील कारखान्यात पोलादी चिलखताच्या गाड्या गुप्तपणे बनू लागल्या, तेव्हा ही पाणी वाहून नेण्याची पात्रे आहेत अशी हूल उठविण्यात आली. परंतु ‘पाणीवाहक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडली असता शौचकूपाचा बोध होतो, हे ध्यानात येताच लष्करी मंडळींनी टँक हे नाव पत्करले. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणभूमीवर ते प्रथम अवतरले, आणि मराठीने त्यांना रणगाडा हे मुळाहून सरस नाव दिले. त्याच 1916 साली लंडनमध्ये रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरचा चतुःखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या कसबाची नोंद आहे. रसेल स्वतः आदल्याच डिसेंबरात, बोट पाणतीराने बुडाल्यामुळे, भूमध्य समुद्रात मृत्यू पावला होता.

आद्याक्षरांच्या भयाने साहेबाला टँक सुचला. आमच्याकडे आद्याक्षरांनीच नाते जोडले. 1951 साली मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, नष्ट होऊन झाडीपट्टीतील हे तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून कागदावर ते ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याचे संक्षिप्त रूप मा. मा., आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. कारकुनी संक्षेपातून इतका जिव्हाळ्याचा शब्द निपजल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पण मामा म्हटल्याने मामाची काळजी घेतली गेली असे नव्हे. मालगुजारीच्या काळी जमिनीच्या बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्जात गावच्या वहिवाटी लिहिल्या जात आणि निस्तारपत्रकात रयतेचे हक्क नोंदले जात. मालगुजाराच्या जुलमाचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही, परंतु पाळ फुटली तर आपलेच धान वाळेल हे त्याला कळत होते, आणि आता तलाव सांभाळणाऱ्या जिल्हा परिषदेच्या दप्तराला कोणतेही धान पिकवावयाचे नसते.

माझा आक्षेप याच ठिकाणी आहे. टँक म्हटले की शिल्लक राहतो तो धारणक्षमतेचा आकडा, आणि आकडा घटला की उपाय एकच: गाळ काढा. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली यंत्रे तलावांत उतरली. गाळ शेतात गेला हे चांगले झाले, पण भांडे घासावे तसा तलाव तळापासून काठापर्यंत सारखा खरवडला तर त्याचा उथळ काठ नाहीसा होतो, आणि तलावाचा जीव बव्हंशी त्या काठावरच असतो. देवधान तेथे उगवते, देशी मासोळी अंडी घालावयास तेथेच येते, आणि सारस पक्षी घरटे करतो ते अशाच गुडघाभर पाण्यात. मासेमार ढिवरांच्या स्त्रिया या भागातील काही तलावांतून बेशरमाची उपरी झुडपे उपटून मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावीत आहेत. हे काम घनमीटरात मोजता येत नाही म्हणून अंदाजपत्रकात त्याला सदर नाही.

शासनाने नावे बदलावीत असे माझे म्हणणे नाही. नावे बदलण्याचा उद्योग आपल्याकडे पुरेसा चालतो. मागणी एवढीच आहे की, मामा तलावाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना पाळ, सांडवा, नहर आणि गाळ यांच्या जोडीला उथळ काठाचे व वनस्पतींचे स्वतंत्र कलम घालावे, किती भाग खणावयाचा नाही हे त्यात आधी लिहावे, आणि ते कलम ढिवरांच्या व धानकऱ्यांच्या समक्ष, पाळीवर बसून, भरावे. साखळी व पट्टी घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याला याने चार दिवस अधिक लागतील, हे मान्य आहे.