रागावलं मला, लागलं त्याला

हळदीच्या दिवसांत वसमतकडच्या आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. यंदा अंगणभर शिजवलेली हळद वाळत होती आणि पुतण्याने तिच्यातूनच सायकल घातली. आजी ओरडली, "मुडद्या, थांब, तंगडंच मोडते तुझं!" तो खिदळत पळाला. वहिनींना राग आला. "आजी, लेकरासमोर असले शब्द नका वापरू. शाळेत जाऊन तेच बोलतो तो." आजी गप्प बसली.

दहा मिनिटांनी वहिनीच त्याच्यावर खेकसल्या, "काय कैकाड्यासारखं ओरडायलास रे?"

यावर कुणीच काही म्हणालं नाही. मीसुद्धा.

मला राग याचाच आहे. आपण शिव्या गाळतोय, पण चाळणी उलटी धरून. आजीचा 'मुडद्या' कानाला वाईट लागतो, कबूल. पण लेकरं जगत नसत तेव्हा आपल्याकडे पोरांची नावं धोंडू, दगडू ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. 'मुडद्या'तही मला तीच भीती आणि तीच माया ऐकू येते. तो शब्द आजी आणि नातवापुरता राहतो, तिसऱ्या कुणाच्या अंगावर जात नाही.

'कैकाड्यासारखं' जातो. पाचवीत असताना एका मास्तरांनी मला याच शब्दांत झापलं होतं. वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारा मित्र कैकाडी होता. त्याने मान खाली घातली, ती मधल्या सुट्टीपर्यंत वर केली नाही. खोडी माझी होती. रागावलं मला, लागलं त्याला.

इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पुढे त्या यादीत कैकाडीही आले. तो कायदा 1952 साली गेला. लक्ष्मण माने यांनी 'उपरा' लिहून या समाजाचं जगणं मराठी वाचकासमोर ठेवलं, त्यालाही चाळीसच्या वर वर्षं झाली. आपल्या स्वयंपाकघरात मात्र यादी अजून चालू आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी करतं. पण रागावलेल्या मुलाच्या शेजारी बसलेल्या मुलाला होणारा त्रास कोण मोजणार?

"आम्ही वाईट अर्थाने नाही म्हणत, सवय आहे," हे उत्तर मला पाठ आहे. सवय आहे म्हणूनच तर भीती वाटते. सहा वर्षांच्या पोराला जात म्हणजे काय हे माहीत नसतं. पण हलकं कोण, हे त्याला अशा एका वाक्यात कळतं, तेही आईच्या तोंडून.

वांड, द्वाड, उनाड, खोडकर, उंडगा, कार्टं. खोड्यांसाठी मराठीत एवढे शब्द पडलेत. पोरगं आपलं, खोडी त्याची. मग शेजारच्या वस्तीचं नाव कशाला घ्यायचं?

त्या दिवशी मी गप्प बसलो. पुढच्या वेळी वहिनींना बोलणार आहे. आजीला नाही.