ग्रामसभेत एवढे विचारा



ग्रामसभेची दवंडी झाली की आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, "तिथं जाऊन काय करायचं? रस्ता, गटार, घरकुलाची यादी आणि शेवटी भांडण!" रस्ता हवा, गटारही हवे. पण गावातला आजारी माणूस आणि खाटेला खिळलेला म्हातारा यांचा विषय त्या सभेत कितीदा निघाला, आठवून पाहा.

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींच्या कामांसाठी २९ विषय नेमून दिले आहेत. त्यांत दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, तसेच अपंग व दुर्बल माणसांचे कल्याणही आहे. तेव्हा या गोष्टी विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे, तो तुमचा हक्कच आहे.

पहिली गोष्ट रुग्णवाहिकेची. १०८ नंबरची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिला भाडे द्यावे लागत नाही. ही सेवा राज्य सरकारची, ग्रामपंचायतीची नव्हे. म्हणून काही सरपंच हात झटकतात. ते ऐकून गप्प बसू नका. साप चावला, बाळंतीण अडली, छातीत कळ आली, तर अर्ध्या तासाच्या उशिराने माणूस जातो. गाडी उशिरा आली की गाव दोन दिवस हळहळते आणि तिसऱ्या दिवशी विसरते.

यावर उपाय साधा आहे. एक शंभर पानी वही घाला. तारीख, फोन केल्याची वेळ, गाडी आल्याची वेळ, रुग्णाला कुठे नेले, एवढेच लिहायचे. आरोग्य केंद्राची गाडी मागितली आणि मिळाली नाही, तर कारणासह तेही लिहा. "गाडी नेहमीच उशिरा येते" या तक्रारीला कुणी उत्तर देत नाही. "अमक्या तारखेला रात्री दहाला फोन केला, गाडी पावणेबाराला आली" याला उत्तर द्यावे लागते. वही सभेत वाचा, ठराव करा आणि त्याची नक्कल तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा परिषद यांना पाठवा. आपल्या बाजूनेही चूक नको. फोनवर तालुका, वस्ती आणि ठळक खूण सांगा. रात्री एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्यांची. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांचा पगार २०२३ साली महिना दीड हजार झाला. तो चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. ज्याला उंबरा ओलांडवत नाही, त्याने तालुक्याला जायचे कसे? दाखला राहतो, पगार बंद पडतो आणि औषध तुटते. म्हणून सभेत विचारा: गावात पगार कितीजणांना मिळतो? कुणाचा बंद पडला? का पडला? दाखल्याचे काम गावातच एका दिवशी उरकता येईल का?

काही म्हाताऱ्यांच्या घरी जमीन आहे, पण ताटात भाकरी नाही. त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. आईबापांना प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही. स्वतः जमत नसेल, तर त्यांनी सांगितलेला दुसरा माणूसही अर्ज करू शकतो. आणखी एक ध्यानात ठेवा: मुलाच्या नावे जमिनीचे बक्षीसपत्र करताना "सांभाळ करीन" ही अट दस्तात लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशी आणायची, असे वाटेल. सभेत नाव घेऊ नका; पण अर्ज लिहून द्यायला गावातले दोन जाणते नेमा.

विचारल्याने काय होणार, असे म्हणू नका. २००७ साली अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राची माहिती कागदावर भरली आणि जनसुनवाईत ती डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर मांडली. ती माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती.

ग्रामसभा वर्षातून निदान चार व्हाव्या लागतात. मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १००, यांतली कमी असेल तेवढी माणसे आली की कोरम भरतो. आधी महिलांची सभा होते. तिथे आया-बहिणींनी हा विषय आवर्जून काढावा, कारण आजाऱ्याची उठबस त्यांच्याच हातून होते. तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला की नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून वाचवून घ्या. लिहिलेला प्रश्न पुढच्या सभेत पुन्हा विचारता येतो. नुसता बोललेला वाऱ्यावर जातो.

तेव्हा पुढच्या सभेला वही घेऊन जा. गाव करी ते राव न करी.