ओवाळणी आणि हिस्सा

२०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत, लाडक्या बहिणींच्या खात्यांत दोन महिन्यांचे हप्ते एकदम जमा झाले. भाऊबीज आगाऊ पोचली. मग प्रचारात सत्ताधाऱ्यांनी दीड हजाराचे २१०० करू म्हटले, विरोधकांनी ३००० ची बोली लावली, आणि 'एवढा पैसा आणणार कुठून' हे दोघांनीही एकमेकांनाच विचारले. निकाल जुना झाला. वाद मात्र चालूच आहे आणि आमच्या मते तो भलत्याच जागी अडला आहे. म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही काम, पैसा आणि हक्क या विषयाला दिला.

वाद अडला आहे तो रेवडीपाशी. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी रेवडी वाटण्याच्या राजकारणावर कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पक्षाच्या मध्य प्रदेश सरकारने 'लाडली बहना' आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या प्रकरणाची सुनावणी चालू असताना न्या. भूषण गवई यांनी महाराष्ट्राचाच दाखला दिला: निवडणुकीच्या तोंडावरच्या फुकट योजनांमुळे शेतकऱ्यांना मजूर मिळेनासे झाले. ही तक्रार नवी नाही. मनरेगा आली तेव्हाही ती होती. मजूर मिळत नाही याचा अर्थ पुष्कळदा 'जुन्या मजुरीत मिळत नाही' एवढाच असतो. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख मदतीच्या योजना तपासल्या. पैसे मिळाले म्हणून माणसे आळशी झाली, असा पुरावा त्यांना सापडला नाही.

तत्त्वज्ञांचे भांडण याहून मजेदार आहे. जॉन रॉल्स म्हणत, मालिबूच्या किनाऱ्यावर दिवसभर लाटांवर घसरणाऱ्याने आपल्या पोटाची सोय आपणच करावी, समाजावर त्याचा हक्क नाही. बेल्जियमचे फिलिप व्हान पारिस यांनी १९९१ मध्ये त्यांना उलट उत्तर दिले: त्यालाही द्या, कारण नैसर्गिक संपत्ती आणि मागच्या पिढ्यांची पुंजी कुणा एकाची कमाई नव्हे. दोघांचाही युक्तिवाद वाचनीय आहे. पण आपल्याकडचा प्रश्न त्या लाटांवरच्या गड्याचा नाहीच. २०२४ च्या केंद्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ८८. पावणेपाच तास बिनपगारी राबणाऱ्या बाईला 'फुकट' पैसे मिळतात असे म्हणायला जीभ तरी कशी रेटते?

तेव्हा पैसे द्यावेत की नाही, यावर आम्ही जागा खर्च करणार नाही. द्यावेत. ते कोणत्या नात्याने द्यायचे, हे मात्र विचारले पाहिजे.

भाऊबीजेला भाऊ ताटात ओवाळणी घालतो आणि त्याच बहिणीची वडिलांच्या जमिनीवरच्या हक्कसोड पत्रावर सही घेतो, हे आपल्या घरांना अपरिचित नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, देशाच्या अकरा वर्षे आधी. कायदा आला, सह्याही होत राहिल्या. कारण ओवाळणीत प्रेम दिसते आणि हिस्सा मागितला की माहेर तुटते. दीड हजार रुपये नेमके या ओवाळणीच्या नात्याने येतात. योजना उभी आहे २८ जून २०२४ च्या शासन निर्णयावर, म्हणजे नव्या शासन निर्णयाने ती बदलू शकते, आणि बदललीही. निवडणुकीआधी अर्जांची छाननी घाईत उरकली. निवडणुकीनंतर लाखो नावे अपात्र ठरली, त्यांत चक्क पुरुषही निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यासाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. पैसा तिच्या खात्यात, पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर! विधवा आणि टाकलेल्या बायका या रकान्यापाशी अडल्या, तेव्हा मुदत वाढवावी लागली.

या राज्याला दुसरी रीतही ठाऊक होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने ते दिलेच पाहिजे, ही त्यांची कल्पना १९६५ च्या सुमारास तासगाव भागातच पहिल्यांदा अजमावली गेली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या १९७१ मधल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासाचा निष्कर्षही कामाच्या हमीकडेच जाणारा होता. मग बहात्तरचा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती: बंडिंग, पाझर तलाव, रस्त्याची खडी. पाऊस पडला तरी रोजगार हमी योजना (रोहयो) राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायद्याआधीच, १९७५ मध्ये, तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला होता. शहरातल्या पगारदाराने भरायचे, सरकारने तेवढीच भर घालायची, खेड्यातल्या मजुराने हक्काने मागायचे. आजही पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते कशासाठी सुरू झाले हे कापून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असावे.

रोहयोचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. खोटी मस्टरे, रखडलेली मजुरी, मुकादमाची मर्जी हे सगळे तिथेही होते. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झाले, तर सरकारने कामेच कमी काढली. कायद्यातली हमी शाबूत राहिली आणि मजुराला काम मिळेना. तरीही भांडायला एक कलम हातात होते. त्यावर मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले. दीड हजार बंद झाले तर बाईने नेमके कोणते कलम दाखवायचे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाही मोडीत काढली. नव्या कायद्यात कामाचे दिवस १०० चे १२५ झाले, हे जाहिरातीत दिसते. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र सोसत असे. आता आपल्यासारख्या राज्यांना ४० टक्के भरायचे आहेत. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता येतील. मागणीप्रमाणे पैसा येण्याऐवजी केंद्र आधी आकडा ठरवील, वरचा खर्च राज्याचा. ओवाळणी वाढते आहे आणि हक्कसोड पत्र पुढे सरकवले जाते आहे, असे म्हणणे आम्हाला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

आता पैशाचे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटी होते आणि राज्याचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी इकडे वळवला, तेव्हा जाहीर तक्रार एका मंत्र्यानेच केली. म्हणजे दलित आणि आदिवासी बहिणीच्या वाट्याचेच काढून तिच्याच ताटात घातले. पाग्यांच्या योजनेला स्वतःचा कर होता; या योजनेला नाही. व्यवसाय कर वाढवावा म्हटले तर राज्यघटनेने वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, ती १९८८ पासून तिथेच आहे आणि हलवायची तर दिल्लीला जावे लागेल. कायदा करायला मात्र दिल्ली लागत नाही. पात्रता कोणती, नाव कापण्याआधी नोटीस किती दिवसांची, अपील कुणाकडे, हप्ता चुकला तर व्याज किती, हे विधिमंडळाला या अधिवेशनातही ठरवता येईल, आणि असे अशासकीय विधेयक मांडायला एक आमदार पुरतो. त्याचा कच्चा मसुदा आम्ही अंकाच्या शेवटच्या विभागात छापला आहे. वकील वाचकांनी तो तपासावा. पण त्याआधी, या योजनेचे अर्ज ज्यांनी रात्री जागून भरून दिले त्या अंगणवाडी सेविकांनी तो वाचावा आणि कुठे अडेल ते कळवावे. अपिलाचे कलम आम्हाला अजून नीट जमलेले नाही.