दाराची कडी कोण वाजविणार?

आमच्या शहरात वृद्धांसाठी डॉक्टर आहेत, इस्पितळे आहेत; परंतु सकाळची गोळी घेतली की नाही, न्हाणीघरात पाय तर घसरला नाही ना, हे विचारणारा शेजारी दुर्मिळ झाला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील माणसे दहा कोटींवर गेली. २००७ च्या कायद्याने त्यांना निर्वाहखर्चाचा हक्क दिला. पण कायदा कोणाच्या दाराची कडी वाजवीत नाही.

केरळात ती शेजाऱ्यांनी वाजविली. कोझिकोडे येथे १९९३ साली वेदनाशमनासाठी संस्था निघाली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक जुजबी शिक्षण घेऊन परिचारिकांसह अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. सरकारचे धोरण आले ते २००८ मध्ये, म्हणजे मागाहून.

अनोळखी माणसाला दार उघडण्याची वृद्धांची भीती रास्त आहे. म्हणूनच हे काम परिचित मंडळांनी अंगावर घ्यावे. गणपतीच्या वर्गणीसाठी त्यांचे कार्यकर्ते प्रत्येक जिना चढतातच. त्यांनी डॉक्टरकी करू नये. विचारपूस करावी, औषध आणून द्यावे, प्रकृतीत बिघाड दिसताच घरच्यांना व डॉक्टरांना कळवावे. तोच जिना आठवड्यातून एकदा, पावतीपुस्तकाशिवाय चढावा, एवढेच आमचे मागणे आहे.