दहा लाखांच्या हेवी डिपॉझिटमागचा हिशेब

माझ्या भाच्याला डोंबिवलीत वन बीएचके हवा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, साठवलेले १० लाख हाताशी आहेत. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलेलं नाही. वांगणीला घर परवडतं, पण तिथून रोज सीएसएमटी गाठणं भाचेसुनेला झेपणारं नाही. एजंटने तोडगा सुचवला: हेवी डिपॉझिट. दहा लाख भरायचे, दोन वर्षं भाडं शून्य, सोडताना सगळे पैसे परत.

बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केल्यामुळे मला यात भाडेकरारापेक्षा कर्जच जास्त दिसतं. त्या घराचं भाडं महिना १२ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. दहा लाखांच्या बदल्यात मालक तेवढ्यावर पाणी सोडतोय. हे व्याज १४.४ टक्के झालं! घर तारण ठेवलं तर बँक याहून स्वस्तात कर्ज देते. मग तो बँकेत का जात नाही? सगळेच मालक अडचणीत नसतात, हे मान्य. पण पुष्कळदा घर आधीच गहाण असतं आणि हप्ते थकलेले असतात. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक घराचा ताबा घेऊ शकते. मग भाडेकरूला बाहेर पडावं लागतं आणि दहा लाखांसाठी कर्जबुडव्या मालकामागे कोर्टात फिरावं लागतं.

त्यात एजंटचा सल्ला असा, की नोंदणीकृत करारात डिपॉझिट एक लाख दाखवा, बाकीचे रोख द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल. किती वाचेल? परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्यावर पाव टक्का ड्युटी लागते. दहा लाखांवर दोन वर्षांचे ५०० रुपये! तेवढ्यासाठी नऊ लाखांचा पुरावा सोडायचा? शिवाय २० हजार किंवा त्याहून मोठं डिपॉझिट रोखीत घेणं आयकर कायद्यालाही मान्य नाही.

मी भाच्याला सरळ भाडं भरायला सांगतेय. दहा लाख सात टक्क्यांनी मुदतठेवीत राहिले तर वर्षाला ७० हजार व्याज येईल. वरचे महिना सहा हजार खिशातून जातील, ते मला सोसण्याजोगे वाटतात, कारण मुद्दल त्याच्याच नावावर राहतं. हेवी डिपॉझिटच द्यायचं असेल, तर आधी सेरसाई या गहाण मालमत्तांच्या नोंदवहीत त्या घरावर बोजा आहे का ते पाहायचं, सोसायटीकडून तसं पत्र घ्यायचं, पैसे बँकेतून द्यायचे आणि पूर्ण रक्कम करारात लिहून घ्यायची.

ही पायपीट भाडेकरूनेच का करावी? भाडेकराराची नोंदणी आता ऑनलाइन होते. त्याच वेळी घर गहाण आहे की नाही हे दोन्ही बाजूंना दाखवणं सरकारला अवघड नसावं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच ठेवलं आहे, पण तो राज्यांवर बंधनकारक नाही. दहा-दहा लाखांची डिपॉझिट राज्याला चालू ठेवायची असतील, तर गहाण घरावर ती घ्यायला आधी बँकेची लेखी संमती सक्तीची करावी.