नोनीचा रस पेला, पण गोळ्या बंद करू नका

मध्यंतरी ओपीडीत निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. मधुमेह जुना, मूत्रपिंडेही अधू झालेली. पिशवीतून काळपट रसाची बाटली काढून म्हणाले, "डॉक्टर, दोन महिने झाले, गोळ्या सोडल्या आणि हे सुरू केलंय. शंभर आजारांवर चालतं म्हणे." बाटली नात्यातल्याच कोणी तरी दिलेली. तपासणीत साखर चारशेच्या घरात निघाली, पोटॅशियमही वाढलेले.

नोनी हे नाव नवे असले तरी झाड आपल्याकडचेच आहे. कोकणात त्याला बारतोंडी म्हणतात. याच कुळातल्या 'आल'च्या मुळ्यांपासून पूर्वी कापडासाठी लाल रंग काढत. पिकलेल्या फळाचा वास इतका उग्र असतो, की काही बाटल्यांत चवीसाठी द्राक्षाचा रस मिसळतात. निफाडच्या शेतकऱ्याला द्राक्षाचाच रस महागात विकायचा, हे व्यापाराचे कौशल्य म्हणावे लागेल!

या रसात काय असते? क जीवनसत्त्व, पोटॅशियम, स्कोपोलेटिन आणि इरिडॉइड गटातली काही द्रव्ये. प्रयोगशाळेत पेशींवर व उंदरांवर त्यांचे काही चांगले परिणाम दिसले, हे खरे. पण त्यावरून माणसाचा मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो, असे सिद्ध होत नाही. राल्फ हाइनिके यांनी १९८५ मध्ये या फळातल्या 'झेरोनिन'चा गवगवा केला. त्या द्रव्याची रासायनिक रचना मात्र आजवर शास्त्रापुढे आलेली नाही.

२००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या नोनी रसात लिटरमागे सुमारे ५६ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम होते, म्हणजे संत्र्याच्या रसाइतकेच. निरोगी माणसाला त्याचे काही नाही. मूत्रपिंड अधू असेल, तर वाढलेले पोटॅशियम हृदयाची गती बिघडवू शकते. २००५ मध्ये ऑस्ट्रियातून यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी आल्या. पुढच्या वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने नोनीमुळेच ती झाली असण्याची शक्यता कमी मानली. म्हणजे हा रस विष नाही आणि अमृतही नाही.

खरे नुकसान होते ते बंद केलेल्या गोळ्यांमुळे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पण ओळखीच्या माणसाने ओट्यावर बसून सांगितलेले कायद्याच्या हाती सापडत नाही. ते आपणच थांबवायला हवे.

क जीवनसत्त्वच हवे असेल, तर शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र कोणतेही फळ वा रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. आणि घरात अशी बाटली असेलच, तर पुढच्या तपासणीला ती सोबत आणा. लपवू नका. आम्ही रागावणार नाही. गोळ्या बंद केल्या असतील, तर मात्र नक्की रागावू.